तेविसाव्या फेरीतला रिकामा चौकोन

मोटारींच्या शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. घरी नवरा आणि मुलगी सोमवारी संध्याकाळी आदल्या रात्रीच्या शर्यतीचं रेकॉर्डिंग लावतात, आणि तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून दिवसभर कुणी बातम्याही लावायच्या नाहीत, असा घरचा नियम आहे. शर्यत सुरू झाली की मी कपड्यांच्या घड्या घालायला घेते. गाड्या गोल गोल फिरतात आणि शेवटी कुणीतरी शॅम्पेन उडवतं, एवढंच माझं ज्ञान. साठेक वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीच्या निकालात मी नाक खुपसणार आहे, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्याला कारण शेजारच्या बाई. ऑकलंडच्या दक्षिणेला, पामर्स्टन नॉर्थ या गावी आम्ही हे घर घेतलं तेव्हा कुंपणावरून पहिली फीजोआची पिशवी त्यांनीच दिली. फीजोआ म्हणजे पेरूच्या जातीचं, लहानसं हिरवं फळ. एप्रिलमध्ये ते इतकं पडतं की लोक दिसेल त्याच्या गळ्यात मारतात. बाई तेव्हाच सत्तरी ओलांडलेल्या, काटक, एकट्या राहणाऱ्या. माझी मुलगी त्यांना नॅन, म्हणजे आजी, म्हणते. मला वडीलधाऱ्या माणसाला इथल्यासारखी नुसत्या नावाने हाक मारायची सवय नाही, म्हणून माझ्या मनात त्या कायम ‘बाई’च राहिल्या.

गेल्या वर्षी बाईंनी घर विकलं. जवळच्याच फील्डिंग गावी म्हाताऱ्या माणसांच्या निवासात त्यांना खोली मिळाली होती, आणि पाच खोल्यांचं सामान एका खोलीत बसवायचं होतं. दर शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे मदतीला जायची. मदत म्हणजे मी वस्तू उचलून विचारायचं, ‘‘हे काय आहे?’’ आणि त्यांनी ठेवायचं की द्यायचं ते सांगायचं. मला दर वस्तूमागची हकीकत हवी असायची, त्यामुळे काम काही फारसं पुढे सरकत नसे.

‘‘तू मदतीला येतेस की चौकशीला?’’ एकदा त्यांनी विचारलंच.

‘‘दोन्हीला,’’ मी म्हटलं.

अशाच एका शनिवारी जेवणघरातल्या कपाटाच्या खालच्या खणात, टेबलक्लॉथच्या चळतीखाली, मला पुठ्ठ्याची एक पातळ फाइल सापडली. आत पेन्सिलीने भरलेले चौकोनांचे कागद. नुसते आकडे. दोन, पाच, अकरा, नऊ, चार, सतरा. खालच्या ओळीत पुन्हा तेच, थोडे मागेपुढे. आकडे दिसले की माझा हात शिवशिवतो. मी एका संशोधन संस्थेत काम करते. इतरांनी गोळा केलेली माहिती तपासायची, सुटलेले आकडे हुडकायचे, हे माझं काम: गवत किती वाढलं, गायींनी दूध किती दिलं. शिवाय मी पुण्यात वाढले, त्यामुळे दुसऱ्याचं काम तपासायला मिळणं ही माझी मेजवानीच.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी चहा करू.’’ चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं ते असं.

त्या काळी दर जानेवारीत, तिकडे युरोपात बर्फ पडलेलं असताना, तिथले नावाजलेले ड्रायव्हर आपल्या गाड्या जहाजात घालून इकडे येत. आठवड्याला एक शर्यत, दर वेळी वेगळ्या गावी. इथल्या उन्हाळ्यातले काही आठवडे असे काढायचे आणि परत जायचं. जगभर ज्यांचे फोटो छापून येत ती माणसं इथल्या साध्या मोटेलात उतरत, गावातल्या गॅरेजची जागा मागून घेऊन तिथे गाड्या दुरुस्त करत, आणि शर्यत नसेल त्या दिवशी नदीवर पोहायला जात. बाईंच्या थर्मासमधला चहा त्यातल्या एकाने मागून प्यायला होता. ‘‘चड्डी आणि जँडल्स,’’ बाई म्हणाल्या. जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला. ‘‘बाकी अंगावर काही नाही. आणि आभार मात्र इतके मानले, मी जशी काही मेजवानीच दिली होती.’’

या पाहुण्यांच्या बरोबरीने इथली मुलंही आपापल्या गाड्या घेऊन उतरत. बाईंचा मोठा भाऊ त्यांच्यातला एक. शेतावरच्या शेडमध्ये त्याने स्वतः बांधलेली, जुन्या इंजिनाची गाडी. नंबर सतरा. आणि बाई, तेव्हा एकोणीस वर्षांच्या, त्याचा लॅप चार्ट लिहायच्या. खणात सापडलेले कागद ते हे.

लॅप चार्ट कसा लिहायचा हे मी त्यांच्याकडून तीनदा ऐकून घेतलं. एक आडवी ओळ म्हणजे एक फेरी. शर्यत जिथे सुरू होते आणि संपते त्या रेषेवरून गाड्या ज्या क्रमाने जातील त्या क्रमाने त्यांचे नंबर चौकोनांत भरायचे. काम एवढंच, पण अठरा गाड्या आणि मिनिटाला एक फेरी. पेन्सिली गळ्यात बांधायच्या, म्हणजे एकीचं टोक मोडलं की दुसरी हाताशी. गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या की त्यांच्यामागे मान वळवायची नाही. कोण कुणाच्या पुढे गेलं, कोण घसरलं, लोक का ओरडले, काही बघायचं नाही. त्या काळी हे काम ड्रायव्हरांच्या बायका, बहिणी, मैत्रिणीच करत. एका परदेशी ड्रायव्हरच्या बायकोने बाईंना पहिल्याच दिवशी शेजारी बसवून बजावलं होतं: नंबर दिसला नाही तर चौकोन रिकामा सोडायचा. अंदाजाने कधीही भरायचा नाही.

‘‘म्हणजे सगळा उन्हाळा तुम्ही शर्यतीला हजर होतात आणि एकही शर्यत पाहिली नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘एकही नाही,’’ बाई म्हणाल्या. त्यात मला खेद दिसला नाही, उलट थोडा तोराच होता.

मला हे सगळं फारच आवडलं. त्या दोन कप चहात मी इतके प्रश्न विचारले असतील की मुलीने ऐकलं असतं तर ‘‘मम, स्टॉप इट’’ म्हणाली असती. मग बाईंनी फाइलमधला शेवटचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तेविसाव्या ओळीतल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तो रिकामा होता.

ती त्या मोसमातली शेवटची शर्यत होती. सगळ्या शर्यती मिळून इथल्या ज्या मुलाचे गुण सर्वांत जास्त होतील त्याला एक वर्ष इंग्लंडला गाडी चालवायला पाठवणार होते. गुण पहिल्या सहांना मिळत. भावाला फक्त एक गुण हवा होता, म्हणजे सहावा नंबर. आणि बावीस फेऱ्या तो सहावाच होता. पाचव्या नंबरावर एक निळी गाडी आणि तिच्या शेपटाला धरून हा. तेविसाव्या फेरीत सगळ्यांच्या मागे पडलेली एक गाडी त्यांच्या पुढ्यातच, अगदी रेषेजवळ, रस्त्याबाहेर गेली, आणि वाळलेलं गवत आणि धूळ उडून समोरचं सगळं झाकलं गेलं. निळी गाडी बाईंना दिसली. तिच्यामागून इंजिनाचा आवाज आला, पण नंबर दिसला नाही. त्यांनी नियमाप्रमाणे चौकोन रिकामा सोडला.

अधिकाऱ्यांचा चार्ट लिहिणाऱ्यालाही दिसलं नव्हतं. पण रिकामं न सोडता तो धरून चालला की सतरा नंबर कुठेतरी घसरला आणि त्याची एक फेरी गेली. निकाल लागला तेव्हा भाऊ सातवा होता. तक्रार करायला अर्धा तास मिळायचा. ब्लेझर घातलेले तीन अधिकारी बाईंच्या टेबलाशी आले. भाऊ बाईंच्या शेजारी उभा होता. आपण कुठेही थांबलो नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं, पण ते तर प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. त्यांनी बाईंना विचारलं, सतरा नंबर रेषेवरून जाताना तू पाहिलास का?

‘‘मी म्हटलं, नाही. खात्री नाही.’’ बाई म्हणाल्या. ‘‘भाऊ म्हणाला, चल, गाडी ट्रेलरवर चढवू या. आणि तक्रार केलीच नाही.’’

इंग्लंडला दुसराच कुणीतरी गेला. भावाने पुढच्या वर्षी गाडी विकली आणि आयुष्यभर फील्डिंगला ट्रॅक्टर दुरुस्त केले. आता तो ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये मुलीकडे राहतो, आणि पाऊस असला की तिथल्या मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये चालायला जातो. दर रविवारी चार वाजता बहीणभाऊ फोनवर बोलतात. हवा, गुडघे, नातवंडं. या शर्यतीबद्दल दोघांपैकी कुणीही कधी चकार शब्द काढलेला नाही.

‘‘हे मी त्या दिवसानंतर उघडून बघितलेलं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण तिकडे न्यायचं की फेकायचं ते ठरवायला हवं. तुला आकड्यातलं कळतं. तो कितवा होता, ते यातून सांगता येईल का?’’

मी फाइल जवळजवळ हिसकावूनच घेतली. त्यांना कुठलं उत्तर हवं आहे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी गृहीत धरलं की हवंय ते एकच: तुमचं चुकलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी चार्ट जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्यातले आकडे लॅपटॉपवर उतरवायला घेतले. तासाभरात कळलं की या कागदावरून काही सिद्ध होणार नाही. पुढच्या ओळींत सतरा नंबर होता, सहाव्याच चौकोनात, पण त्याच्या फेऱ्या तेवढ्याच झाल्या की एक कमी, हे त्यावरून सांगता येत नव्हतं. माझा इतका हिरमोड झाला की मी नवऱ्याला उगाचच दोन शब्द सुनावले. फाइल बंद करायला घेतली तर आतल्या कप्प्यात अजून एक लहान कागद निघाला. आकड्यांचा एकच उभा रकाना. दोन, दोन, तीन, दोन.

मी तशीच कुंपणाशी गेले आणि बाईंना हाक मारली. त्या कपडे वाळत घालत होत्या. ‘‘तो लहान कागद कसला?’’

‘‘ते सेकंद,’’ बाई चिमटा तोंडात धरून म्हणाल्या. ‘‘डाव्या हातात स्टॉपवॉच असायचं. पुढची गाडी गेली की दाबायचं, हा गेला की दाबायचं. मधलं अंतर किती सेकंदांचं, ते पाटीवर लिहून पुढच्या फेरीत त्याला दाखवायचं. निकालाशी त्याचा काही संबंध नाही.’’

संबंध होता. घरी येऊन मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाविसाव्या फेरीत भाऊ निळ्या गाडीच्या मागे दोन सेकंद. तेविसाव्या फेरीत इथेही रिकामं. चोविसाव्या फेरीत पुन्हा दोन सेकंद. एक फेरी मिनिटभराची. भावाची अख्खी फेरी गेली असेल तर त्याने कुठेतरी बरोबर मिनिटभर थांबायला हवं, निळी गाडी पुरा वेढा घालून येईपर्यंत वाट बघायला हवी, आणि पुन्हा अगदी दोनच सेकंद अंतर ठेवून तिच्यामागे लागायला हवं. घसरलेला माणूस असं करत नाही. तो थांबला नव्हता. धुळीतून आलेला तो आवाज त्याचाच होता.

मी टेबलावर हात आपटला. मुलगी हातातला टोस्ट घेऊन दचकली. ‘‘व्हॉट?’’

‘‘ही वॉज सिक्स्थ!’’ मी ओरडले. कोण, ते तिला कुठे माहीत. ‘‘स्वीट ॲज,’’ म्हणजे ‘झकास’, असं म्हणून ती खोलीत गेली.

मी दोन्ही कागद घेऊन धावतच बाईंकडे गेले. एखाद्या विद्यार्थ्याला समजावावं तसं बोट ठेवून ठेवून समजावलं. मी किती खुश होते ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. ‘‘तुमचं काहीही चुकलं नव्हतं,’’ मी म्हणत होते. ‘‘तो सहावाच होता. शंभर टक्के!’’

बाई हळूच खुर्चीत बसल्या. लहान कागद त्यांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला.

‘‘हा माझ्या मांडीवर होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते तिघं विचारत होते तेव्हा.’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साठ वर्षं त्यांनी एकाच आशेवर काढली होती की भावाची एक फेरी खरंच गेली असेल. तसं असलं तर त्यांच्या ‘खात्री नाही’ने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि मी नाचत येऊन सांगितलं होतं की बिघडलं होतं, आणि ते निस्तरू शकला असता तो कागद तेव्हा त्यांच्याच मांडीवर होता. मला इतकं वाईट वाटलं की मी चक्क खोटं बोलायला तयार झाले. म्हटलं, ‘‘योगायोगही असू शकतो तसा. अगदीच नाही असं नाही.’’

‘‘मघाशी शंभर टक्के म्हणालीस,’’ बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आज रविवार आहे. चार वाजता ये. सेकंदांचं मला नीट सांगता येणार नाही.’’

दुपार कशी गेली ते विचारू नका. नवरा म्हणाला, ‘‘तुला कुणी सांगितलं होतं?’’ खरं तर बाईंनीच सांगितलं होतं. बाईंनी हे भावाला सांगावं की सांगू नये, यावर मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून घाबरले. इंग्लंड हुकलेल्या माणसाला चौऱ्याऐंशीव्या वर्षी कळणार होतं की बहिणीने एक कागद पुढे केला असता तर हुकलं नसतं. इतकी वर्षं ते दर रविवारी बोलत होते. पुढच्या रविवारी बोलतील का?

चारला पाच मिनिटं कमी असताना मी बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले. निम्मी भांडी खोक्यांत गेलेली, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट डाग. बाईंनी केस विंचरून स्वेटर बदलला होता. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, कारण दोघांनाही आता कमी ऐकू येतं.

भाऊ हवेपासून सुरुवात करायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं.

‘‘तू सहावा होतास,’’ त्या म्हणाल्या.

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

‘‘होतोच,’’ भाऊ म्हणाला.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘गाडी मी चालवत होतो ना.’’

मग बाईंनी सगळं सांगितलं. चार्ट, सेकंदांचा कागद, शेजारीण आकड्यातली आहे, तिने काय काढलं. माझी गरजच लागली नाही. मी सांगितलं असतं त्याच्यापेक्षा स्वच्छ त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘कागद माझ्या मांडीवरच होता. त्यांना दाखवला असता तर झालं असतं.’’

मी टेबलाची कड धरून बसले होते.

‘‘मलाही नाही सुचलं,’’ तो म्हणाला. ‘‘दर फेरीला पाटीवर दोनच तर दाखवत होतीस. मी ती वाचतही होतो. आणि डोक्यातच आलं नाही.’’

‘‘मग तक्रार का नाही केलीस?’’ बाईंचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. ‘‘माहीत होतं तर भांडायचं होतंस! अर्धा तास होता तुझ्याकडे!’’

‘‘भांडून काय? तक्रार जिंकायची तर तुला म्हणावं लागलं असतं की तू मला पाहिलंस.’’

‘‘मी नव्हतं पाहिलं.’’

‘‘तेच. पण मी नुसतं तुझ्याकडे बघितलं असतं तरी तू म्हणाली असतीस, पाहिलं म्हणून.’’

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

‘‘म्हणाले असते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘म्हणून मी बघितलंच नाही तुझ्याकडे.’’

बाई रडायला लागल्या. हुंदके देऊन, लहान मुलीसारख्या. मी उठले आणि आवाज न करता मागच्या दाराने बाहेर आले. बाहेर नेहमीचा वारा सुटला होता. आत फोन चालूच होता, आणि पलीकडून तो ‘‘अगं, ऐक तर,’’ ‘‘अगं, ऐक तर,’’ म्हणत होता.